माणशी एक हट्ट

जुन्नर आणि आंबेगावकडे जाऊन आलेल्यांनी शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट यांविषयी भरपूर लिहिलं आहे. आम्ही यातलं काहीच पाहिलं नाही. तीन दिवस आम्ही त्याच भागात होतो, आणि तरीही परत आल्यावर ऑफिसात कुणी विचारलं की "काय काय बघितलं?" तर मला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी पुण्यात एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझी शाळा आणि कॉलेज करमाळ्यात झालं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, करमाळ्याच्या बाजारपेठेत शिलाईचं दुकान आहे. जूनमध्ये गणवेश, दिवाळीत नवे कपडे, उन्हाळ्यात लग्नसराई आणि उरलेल्या दिवसांत लोकांच्या पँटी आखूड करणं, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. माझी बी.एस्सी. त्या एका मशीनवर झाली, असं मी म्हणते. आप्पांना ते आवडत नाही. "मशीनवर कशी होईल? अभ्यासावर झाली," एवढंच ते म्हणतात. देवाला आणि लग्नाला सोडून ते कधी कुठे गेले नव्हते. त्यांना आणि आईला एकदा नुसतं फिरायला न्यायचं, हे मी नोकरी लागल्या दिवसापासून मनात धरलं होतं.

मोठ्या कंपन्यांच्या सहली मी पाहिल्या. त्यांत सकाळी सहाला शिट्टी आणि रात्री गाण्याच्या भेंड्या. मग एका मैत्रिणीने सुरेखाताईंचा नंबर दिला. सुरेखाताई शिनोलीच्या. शिनोली म्हणजे घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना लागणारं गाव. त्या एकट्याच हा व्यवसाय करतात, गाडीही स्वतःच चालवतात. त्यांची पद्धत अशी की त्या आपल्याला एक यादी पाठवतात. कांद्याच्या लागणीत अर्धा दिवस, धरणात होडी, द्राक्षाचा मळा, हिरड्याचं जंगल, एखाद्या घरचं जेवण. यातले हवे ते तुकडे उचलायचे आणि आपली सहल आपणच जोडायची. मात्र त्यांच्या फॉर्मवर एक अट असते. प्रत्येक माणसाने आपापला एक हट्ट लिहायचा. घरातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने लिहिलेला चालत नाही.

आईने फॉर्म हातात घेतल्या घेतल्या पाच हट्ट सांगितले. एकच लिहायचा म्हटल्यावर तिने कांद्याची लागण लिहिली. "बाकीचे चार तुम्ही दोघं लिहा की," म्हणाली.

माझा हट्ट ठरलेला होता. यादीत 'वाड्यावर एक मुक्काम' असं होतं. आम्ही दोन खोल्यांत वाढलो, त्यातली पुढची खोली दुकानाची. शाळेच्या वाटेवर एक मोठा वाडा होता, नक्षीचा दरवाजा, दगडी उंबरा. आतून तो मी कधी पाहिला नाही. मी डोळे झाकून तेच लिहिलं.

आप्पांना विचारलं तर म्हणाले, "हट्ट लहान मुलं करतात."

"आप्पा, लिहावाच लागतो. नियम आहे."

"मग तुझ्या मनाचं लिही. मला चालेल."

'चालेल' हा आप्पांचा शब्द. भाजी कुठली करू? चालेल. मोठ्या मुलीला शहरात एकटीला पाठवायचं? चालेल. माझ्या फीसाठी त्यांनी नवीन मशीन घ्यायचं सोडलं तेव्हाही जुनंच चालेल, असंच म्हणाले होते. मी त्यांच्या रकान्यात शिवनेरी लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सुरेखाताईंचा फोन आला. त्यांनी थेट आप्पांनाच मागितलं, दोन मिनिटं बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, "ताई, शिवनेरी काकांचा हट्ट नाही, तुमचा अंदाज आहे. मी खोडते. तिसरा दिवस पूर्ण रिकामा ठेवते. सहल संपायच्या आत काकांनी सांगायचं."

मला थोडा राग आला आणि थोडी लाजही वाटली. पण त्या घटकेपासून माझ्यापुरती सहल एकाच गोष्टीवर येऊन थांबली. आप्पांनी स्वतःसाठी काहीतरी मागावं.

आळेफाटा

डिसेंबरअखेरचे दिवस होते. आळेफाट्याला उतरलो तेव्हा दुपारचे बारा झाले होते. नाशिककडे, नगरकडे, पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या, ट्रकची रांग, टायर काढून बसलेली गॅरेजं आणि त्या सगळ्या आवाजात शांतपणे उभ्या असलेल्या सुरेखाताई. चाळिशीच्या असतील. पंजाबी ड्रेसवर पुरुषी स्वेटर, हातात गाडीची किल्ली.

"आधी जेवू. मग काय ते," त्या म्हणाल्या आणि एका हॉटेलात घेऊन गेल्या.

तिथे पहिला घोटाळा झाला. सुरेखाताईंनी चार ताटं मासवडी सांगितली. आई ताडकन उठली. "माझा गुरुवार आहे. मी मासबीस काही खायची नाही."

"मावशी, त्यात मास नाही."

"नाव तर मासवडी म्हणताय."

"आवं, नुसतं नाव हाय," वाढणारा माणूस म्हणाला. "बेसन, तीळ, खोबरं. मास न्हाई, मासा न्हाई. आमच्या जुन्नरला देवाच्या नैवेद्यालाबी हीच असती."

आईने वडी मोडून आत पाहिलं, वास घेतला, रश्श्यात बुडवली आणि मग आणखी दोन वड्या मागून घेतल्या. शेवटी म्हणाली, "तुमच्याकडच्या नावांवर विश्वास ठेवायची सोय नाही." सगळे हसलो. त्या वाक्यात माझ्यासाठीही काही होतं, हे तेव्हा कळलं नाही.

आप्पांना मी विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं आहे."

"तिखट नाही ना झालं?"

"चालेल."

पिंपळवंडी

पिंपळवंडीत आम्ही अंजनाबाईंच्या मळ्यात राहिलो. आमच्याकडे घरं गावात आणि शेतं लांब, इथे घर शेतातच. आमच्या करमाळ्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इथे घराच्या मागून पाटाचं पाणी वाहत होतं आणि आई अर्धा तास नुसती ते बघत उभी राहिली. समोर उसाचा हिरवा पडदा. तो पडदा संध्याकाळ झाली की घाबरवतो, कारण त्यात बिबट्या असतो. दिवस मावळायच्या आत सगळी दारं लागतात.

"उसाला पाणी द्यायला मालक एकटे जात न्हाईत आता," अंजनाबाई म्हणाल्या. "दोघं जातात आन मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावत्यात. काल तर आरती लावली व्हती."

"मग बिबट्या पळतो का?" आईने विचारलं.

"पळतो का बसून ऐकतो, ते कुणी बघितलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा हट्ट. कांद्याच्या लागणीला बायकांची रांग वाफ्यात बसली होती. आई पदर खोचून त्यांच्यात बसली. तिने लावलेलं रोप जरा वाकडं गेलं की शेजारची बाई ते उपटून सरळ लावायची आणि आईला कळू नये म्हणून गाणं गुणगुणायची. आईला कळत होतंच. "सासूपेक्षा बऱ्या आहात," ती म्हणाली आणि सबंध वाफा हसला.

आप्पा बांधावर बसून होते. अंजनाबाई त्यांच्यापाशी गेल्या.

"काका, तुमाला काय दावू? द्राक्षाचा मळा दावू का गोठा?"

"चालेल."

"आवं काय चालंल? मळा का गोठा?"

"जे तुम्हाला सोपं असेल ते."

अंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग त्यांनी आप्पांना दोन्ही दाखवलं. आप्पांनी दोन्हीकडे "छान आहे" म्हटलं आणि परत येऊन त्याच बांधावर बसले. मला वाटलं, मी इतक्या लांब त्यांना आणलं कशाला? दुकानाच्या स्टुलावर बसले असते तरी इतकेच बसले असते.

शिनोलीच्या वाटेवर

दुपारी निघालो. मंचरला वळून घोडेगाव मागे टाकलं आणि रस्ता डोंगरांच्या दिशेने चालू लागला. शिनोलीत न थांबता आधी पुढे गेलो, तर डिंभे धरणाचं पाणी दिसलं. शांत, निळं, कडेला वाळलेल्या गवताची पिवळी किनार. सुरेखाताईंनी गाडी थांबवली. "काका, होडी?" त्यांनी विचारलं. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला जायचं असेल तर." मी नाही म्हटलं. होडीचा तेवढाच प्रयत्न झाला.

गाडीत आई म्हणाली, "अहो, तुम्हाला नसेल काही सुचत तर तो उद्याचा दिवस मला द्या. भीमाशंकरला जाऊन येऊ."

"चालेल," आप्पा म्हणाले.

"काका, दिवस तुमचा आहे," सुरेखाताई आरशातून बघत म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत मी तो कुणालाही देणार नाही."

मी मात्र माझ्या वाड्याच्या विचारात होते. फॉर्म पाठवल्यावर सुरेखाताईंशी यावर फोनवर बोलणं झालं होतं. ते आता आठवून मला स्वतःचंच हसू येतं. त्या म्हणाल्या होत्या, "ताई, वाड्यावर थंडी लई असते, चालेल ना?" मी म्हटलं, "जुन्या वास्तूत गारवा असतोच." त्या म्हणाल्या, "झोपायला उघड्यावर आहे बरं का." मी म्हटलं, "म्हणजे अंगणात?" त्या थोड्या थांबून म्हणाल्या, "हां, अंगणच म्हणायचं." मग म्हणाल्या, "घोंगडी ते लोक देतात." मला घोंगडीही फार शोभून दिसली.

धरणावरून परत फिरलो, शिनोली गाव मागे पडलं, गाडी डांबरी सोडून मातीच्या रस्त्याला लागली आणि पीक काढून मोकळ्या झालेल्या एका शेताच्या कडेला थांबली.

"आलो," सुरेखाताई म्हणाल्या.

मी इकडे तिकडे पाहिलं. "वाडा कुठंय?"

"हा काय समोर."

समोर दोनेकशे मेंढ्या होत्या. एका बाजूला ताडपत्रीची दोन ठेंगणी पालं, तीन दगडांची चूल, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, पाय बांधून चरायला सोडलेली दोन घोडी आणि आमच्यावर भुंकणारी चार कुत्री.

मी पिशवी परत सीटवर ठेवली. सुरेखाताईंच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलला. "ताई, तुम्हाला कसला वाडा वाटला?"

"लाकडी खांबांचा," मी म्हटलं. आवाज फार बारीक निघाला.

"अहो, मेंढपाळांच्या मुक्कामाला आम्ही वाडाच म्हणतो. आज इथं, उद्या पुढच्या शेतात. म्हणून तर वाड्या*वर* लिहिलं, वाड्या*त* नाही." त्यांनी कपाळावर हात मारला. "चुकलंच माझं. चला, आपण माझ्या घरी जाऊ. दोन खोल्या आहेत, गरम पाणी आहे."

चूक त्यांची नव्हती. एका 'वर' आणि एका 'त' मधला फरक मराठी माध्यमात शिकलेल्या बाईला कळू नये, याची लाज मला जास्त वाटली. आईने व्यवहाराचा प्रश्न विचारला, "बाथरूम कुठंय?" सुरेखाताई म्हणाल्या, "माझ्या घरी, मावशी, दोन किलोमीटरवर." मी गाडीत परत बसणार, एवढ्यात आईने विचारलं, "तुझे वडील कुठं गेले?"

आप्पा उतरले होते. मेंढ्यांभोवती दोरीची जाळी लावायचं काम चालू होतं, तिच्यापाशी जाऊन उभे होते. हात पाठीमागे बांधलेले, मान एका बाजूला कललेली. कुणी नवा कपडा घालून दुकानात आलं की आप्पा असेच उभे राहतात.

वाड्यावर

ते मेंढ्या पाहत नव्हते. जाळी बांधणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगातल्या बंडीकडे पाहत होते. त्या म्हाताऱ्याला सगळे भिवातात्या म्हणतात. गाव पारनेरकडे, तिथे घर आहे, पण दिवाळी झाली की पावसाळ्यापर्यंत मेंढरांमागे. बरोबर मुलगा आणि सून सीताबाई.

"राम राम," आप्पा म्हणाले. "ही बंडी कुणी शिवली?"

"का वो? फाटली का?" तात्यांनी स्वतःची पाठ चाचपली.

"फाटली नाही. खिसा चुकलाय. चार बोटं खाली बसवलाय."

"चुकला न्हाई. सांगून बसवून घेतलाय."

"खिसा छातीवर असतो."

"तुमच्या छातीवर काय असतं?"

"म्हणजे?"

"माझ्या छातीशी कोकरू असतं, पावणं. नवं जल्मलेलं, चालता येत न्हाई, ते असं धरायचं आन चालायचं." तात्यांनी दोन्ही हात छातीशी घेऊन दाखवले. "आता त्या टायमाला मोबाईल वाजला, तर वरच्या खिशातनं काढायचा कसा? कोकरू टाकू का खाली?"

आप्पा पुढे झाले, "बघू का?" विचारलं आणि वीत लावून खांद्यापासून खिशापर्यंत मोजलं. मग खिशाच्या तोंडाची शिलाई उलटी करून पाहिली.

"चाळीस वर्षं शिवतोय," ते म्हणाले. "एकानेही मला हे सांगितलं नाही."

"तुमच्या गिऱ्हाइकाला कोकरं नसतील," तात्या म्हणाले.

आप्पा हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. आईने माझा दंड धरला. आम्ही दोघींनी त्यांना असं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मी सुरेखाताईंना सांगितलं की आम्ही इथेच राहतो.

सीताबाईंनी चहा टाकला. मेंढीच्या दुधाचा चहा इतका दाट असतो की पहिल्या घोटाला तो प्यायचा की खायचा असा प्रश्न पडतो. नंतर हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं आणि बाजरीची भाकरी झाली. आमच्याकडे बारा महिने ज्वारी, त्यामुळे बाजरीची भाकरी आप्पांना कोरडी लागते, असं आई वीस वर्षं सांगत आली आहे. आप्पांनी तीन खाल्ल्या.

"तुम्हाला तर बाजरी आवडत नाही ना?" आईने विचारलं.

"कुणी सांगितलं? तू कधी केलीच नाहीस."

"मागितली का कधी?"

आप्पांनी माडग्याचं भांडं जवळ ओढलं. सीताबाई भाकरी थापता थापता सासऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "बाप्यांचं असंच असतं मावशी. आमच्या मामांनाबी काय पायजे ते सांगता येत न्हाई. मेंढरू बरं, वरडतं तरी."

तात्या आणि आप्पा शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. आप्पा विचारत होते, तात्या सांगत होते. शेतकरी आपल्या शेतात वाडा बसवून घेतात कारण मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमीन कसदार होते. एका शेतात एक-दोन रात्री, मग पुढचं शेत. बिबट्याची भीती असतेच, म्हणून जाळी आणि कुत्री. मला नवल वाटलं ते हे की आप्पांना इतके प्रश्न पडतात. आमच्या घरी प्रश्न मी विचारायचे आणि आप्पा 'चालेल' म्हणायचे. त्यांना काही विचारायचं असेल, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

झोपेविषयी एवढंच सांगते की आई गाडीत झोपली, घोंगडं टोचतं पण ऊब धरतं, आणि मेंढ्या झोपेत खोकतात.

तिसरा दिवस

उजाडलं तेव्हा वाडा उठत होता. हे बघण्यासारखं असतं. अर्ध्या तासात पालं उतरली, भांडी पोत्यात गेली, कोंबड्या टोपलीत, टोपली घोडीवर. काल जिथे घर होतं तिथे फक्त तीन काळे दगड आणि राख. सीताबाईंनी ती राखही पायाने पसरली. पुढचा मुक्काम घोडेगावच्या अलीकडच्या एका मळ्यात होता. गाडीने दहा मिनिटं. मेंढ्या चारत चारत गेलं की दिवस मोडतो.

मी आवरून आप्पांकडे गेले. "आप्पा, चला. आईला भीमाशंकर करायचंय. चालेल ना?"

मी उत्तराची वाटही पाहिली नव्हती. पिशवी उचलायला वळले होते.

"नाही," आप्पा म्हणाले.

मला वाटलं ते तात्यांशी बोलत आहेत.

"मला यांच्याबरोबर चालत जायचंय," ते म्हणाले. "पुढच्या मुक्कामापर्यंत."

तीन दिवस मी ज्याची वाट पाहत होते ते समोर उभं होतं, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "आप्पा, तुमचं बी.पी. आहे, ऊन लागेल. गोळी घेतली का?" आणि मग, "थांबा, मी पण येते."

"तू नको."

"का?"

"तू आलीस की दर दहा पावलांवर विचारशील, आप्पा दमलात का. मग मी दमेन."

मला लागलं ते. रोज दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजणाऱ्या मुलीने सासष्ट वर्षांच्या वडिलांना उन्हात एकटं सोडायचं? मी सुरेखाताईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम काच पुसत होत्या. शेवटी तात्याच बोलले.

"ताई, माझं वय यांच्याहून चार वर्सं जास्त हाय. मला कुणी इचारतं का, तात्या दमला का?"

"मी इचारते की," सीताबाई घोडीमागून म्हणाल्या.

"तू हसायला इचारतीस. ते येगळं."

आई तोवर गाडीतून उतरून आली होती. तिला सगळं कळलं होतं. मला वाटलं ती म्हणेल, काही नको, उन्हातान्हात. ती म्हणाली, "जाऊ दे त्यांना. महादेव जागचा हलत नाही. हे लोक हलणार आहेत." मग तिने आप्पांच्या डोक्याला स्वतःचा स्कार्फ गुंडाळून दिला आणि खिशात गोळी घातली. "इतकी वर्षं चालेल चालेल म्हणत होता," ती म्हणाली, "आता चाला एकदाचे."

तात्यांनी एक काठी दिली. मेंढ्या शेतातून रस्त्याकडे ओघळल्या आणि मागून आप्पा निघाले. पांढरा पायजमा, शहरी चपला, डोक्याला आईचा फुलाफुलांचा स्कार्फ. एक मेंढी वाट चुकून बांधावर चढली तेव्हा त्यांनी "हर्र" असं काहीतरी केलं. त्यांचा तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. मेंढीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती उतरली. वळणावर ते दिसेनासे झाले. त्यांनी मागे पाहिलं नाही. मी तिथे किती वेळ उभी होते ते आईला विचारा.

आई, सुरेखाताई आणि मी भीमाशंकरला जाऊन आलो. घाटात कारवीची सुकलेली झाडं, दाट जंगल, देवळाच्या पायऱ्या, गर्दी. दर्शन छान झालं. पण खरं सांगते, मी देवापुढे हात जोडले तेव्हाही घड्याळ बघत होते. जंगलात फोनला रेंज नव्हती. आईने पेढ्याचा पुडा घेतला आणि पायऱ्या चढताना मला म्हणाली, "तुला पुण्याला एकटीला सोडलं तेव्हा तुझे वडील असेच घड्याळ बघायचे. मी तुला सांगितलं नाही." एवढंच.

पाचच्या सुमाराला त्या मळ्यात पोचलो. वाडा बसला होता. पालं उभी, चूल पेटलेली, जाळी लागत होती, आणि जाळीचं एक टोक आप्पांच्या हातात होतं. ते गाठ मारत होते. चपलांवर धुळीचा थर, नाक उन्हाने लाल. आम्हाला पाहून त्यांनी गाठ पुरी केली आणि म्हणाले, "या. बसा, पावणं."

आईने त्यांना नखशिखांत पाहिलं. "दमलात का?"

"हो," आप्पा म्हणाले. "लई."

सुरेखाताई घड्याळ दाखवत म्हणाल्या, "काका, घोडेगावहून पुण्याची संध्याकाळची गाडी. लगेच निघालो तर मिळेल."

आता हे सांगायला हवं की आप्पा स्टँडवर गाडीच्या तासभर आधी जाऊन बसणारे. लग्नातून जेवण अर्धं टाकून उठणारे. कुणाचा खोळंबा आपल्यामुळे नको, म्हणून आयुष्यभर घाईत राहिलेला माणूस.

"पुढच्या गाडीने जाऊ," ते म्हणाले. "सीताबाईंनी चहा टाकलाय."

"काका, पुढची गाडी नाहीये. ही शेवटची."

आप्पांनी थोडा विचार केला. माझ्याकडे पाहिलं, परवानगीसाठी नव्हे, नुसतं पाहिलं.

"मग उद्याच्या," ते म्हणाले आणि जाळीची पुढची गाठ मारायला वळले.

सुरेखाताईंनी गाडीची किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली. आई चुलीपाशी जाऊन बसली आणि भाकरीचं पीठ स्वतःकडे ओढून घेतलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठची ड्युटी होती. प्रयोगशाळेत कळवायला हवं होतं, म्हणून फोन वर धरून मी बांधाबांधाने रेंज शोधत फिरले. ती सापडेपर्यंत माझा चहा गार झाला होता.